शनिवारी काढलेलं रक्त

हौसा, प्राचीचा रिपोर्ट आलाय.

काल दुपारी चारच्या सुमाराला फोन वाजला. नात तुझी, पण रिपोर्ट माझ्याकडे यायचा, हे आपल्या घरात वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. ती कॅनडाला गेल्यानं त्यात काही बदललेलं नाही. तिनं लिहिलंय, ‘मोठी आजी, घाबरू नकोस. महिन्याभरात दोनदा पोटात दुखलं. उजवीकडे, बरगडीखाली, जेवण झाल्यावर. मागे खांद्यापर्यंत कळ जायची. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि गुरुवारची सोनोग्राफी दिलीय. पण गुरुवारीच माझा पेपर आहे. रिपोर्ट पाठवतेय, तू नजर टाक. नॉर्मल आहे म्हणालीस तर मी सोनोग्राफी रद्द करते.’

मी नजर टाकली. तीन पानं आहेत. पांढऱ्या पेशी, बिलिरुबिन, यकृताचे तीन-चार आकडे, स्वादुपिंडाचा एक. सगळे रेंजमध्ये आहेत. एकसुद्धा बाहेर नाही.

आज बुधवार. तिकडे उजाडेल तेव्हा आपल्याकडे साडेचार वाजलेले असतील, आणि ती पोरगी डोळे उघडल्याबरोबर फोन हातात घेणार. तोपर्यंत मला तिला काहीतरी कळवायला हवं. मी रिपोर्ट उघडून पाहिलाय, हे तिला निळ्या खुणांवरून कळलेलंच आहे. नंतर तिनं नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलं. त्यालाही मी उत्तर दिलेलं नाही.

म्हणून तुझ्याशी बोलत बसलेय. तू जाऊन सतरा दिवस झाले. जलदानविधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. तुझ्या मिलिंदनं खालच्या घराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. तुझ्या मेसच्या मुलींनी डबे दुसरीकडे लावलेत. अकरा वाजले की अजून खालून फोडणीचा वास येईल असं वाटतं, आणि येत नाही म्हटल्यावर मी घड्याळ बघते. घड्याळ बरोबर असतं.

हे मी वहीत लिहितेय. मग प्राचीला पाठवीन आणि माझ्या नातवाला, राहुललाही, तो ऑस्ट्रेलियात. तुझ्याबद्दल फोनवर त्यांना जे सांगता आलं नाही, ते त्यांना कळायला हवं. एरवी मी काही लिहिलं की तू म्हणायचीस, "वाचून दावा की अक्का. मला बोट लावून वाचाय सांज हुईल." म्हणून मोठ्यानं वाचत वाचतच लिहितेय.

तू माझी धाकटी जाऊ. शिरोळकडच्या मळ्यातून या घरात आलीस तेव्हा मला विमा कार्यालयात लागून दोन वर्षं झाली होती. माझे वडील टपाल खात्यात शिपाई होते. ते म्हणायचे, आपल्या माणसांना लोकांनी आजवर कागदावर अंगठा घेऊनच फसवलं, तेव्हा माझी मुलगी कागद वाचणारी होईल, आणि तोही इंग्रजी. तशी मी झाले. ऑफिसात माझ्या टेबलावर विमा मागणाऱ्यांचे तपासणी अहवाल यायचे. डावीकडे आकडा, उजवीकडे रेंज. आकडा रेंजमध्ये असला की लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. बाहेर असला की त्याला गोल करायचा आणि कागद डॉक्टरांच्या टेबलावर पाठवायचा. गोल केलेल्या कागदाचं पुढं काय व्हायचं, हे मला कधीच कळलं नाही. ते माझं काम नव्हतं.

तीस वर्षं हेच केलं. निवृत्त झाले आणि घरी येऊन पुन्हा तेच सुरू केलं. घरातल्या प्रत्येकाची फाईल केली, प्रत्येकाचा रंग वेगळा. तुझी हिरवी. गल्लीतल्या बायकासुद्धा कागद घेऊन जिना चढायला लागल्या. आपल्या राजारामपुरीत डॉक्टरांच्या पाट्या काय कमी आहेत? पण डॉक्टरकडे तास तास बसावं लागतं, आणि माझ्याकडे चहा मिळतो. मी चष्मा लावायची, पेन्सिल घ्यायची, वरून खाली जायची आणि "ठीक आहे" म्हणायची. त्या दोन शब्दांवर बायका हसत जिना उतरायच्या. खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता.

तू दारात उभी राहून बघायचीस. एकदा म्हणालीस, "अक्का, मी तांदूळ निवडतो तसं तुमी कागुद निवडतासा. खडा घावतोय का नुस्तं बघायचं."

तेव्हा किती हसलो होतो आपण.

पण मी ज्या नोकरीचा एवढा तोरा मिरवला, ती तुझ्यामुळं झाली हे मी तुला कधी म्हटलं नाही. साडेनऊला माझ्या हातात डबा असायचा. राहुलच्या बाबाला तू वाढवलंस. मी फक्त त्याचं प्रगतिपुस्तक तपासलं. त्याला कांजिण्या आल्या तेव्हा मी रजा टाकायला निघाले तर तू म्हणालीस, "तुमी जावा. तुमी बसून काय त्याचं फोड मोजणार हायसा?" दोघी विधवा झाल्यावर तू खाली मेस काढलीस. क्लासला येणाऱ्या बारा-पंधरा मुली पाटावर बसून जेवायच्या आणि तू त्यांना वाढता वाढता ओरडायचीस. मी वरून ओरडायची, की जरा हळू बोल, गल्लीला वाटेल भांडण चाललंय. तू खालून, "मग येऊ द्या की गल्लीला! भाकरी हाय!"

आता त्या दुपारबद्दल लिहिते. टाळत होते.

मेसच्या मुलींची परीक्षा संपली म्हणून तू त्यांना मटणाचं जेवण घातलंस. सुकं, पांढरा रस्सा, सगळं. मुली गेल्या आणि तीनच्या सुमाराला तू जिना चढून माझ्याकडे आलीस. मधल्या पायरीवर थांबलीस, कठड्याला धरून. तोंड राखेसारखं झालेलं. एक हात उजव्या बरगडीखाली, दुसरा मागे पाठीला. म्हणालीस, "इथनं हिथवर कळ जातीया. बसू दीना, निजू दीना."

मी विचारलं, काय खाल्लंस. तू म्हणालीस, "जे पोरींनी खाल्लं तेच." मी म्हटलं, पित्त झालंय. तू म्हणालीस, "पित्त मला ठावं हाय, ह्ये पित्त न्हाय." मग भडाभडा ओकलीस. मी तुझं डोकं धरलं, लिंबूपाणी दिलं, आणि मग मला माझं शहाणपण सुचलं. म्हटलं, रक्ताची तपासणी करून घेऊ, यकृताची, सगळी. म्हणजे नक्की कळेल.

तू लगेच पदर खोचलास. "चला मग. कोपऱ्यावरच तर हाय लॅब. आत्ता घ्या म्हणा की रगात. आत्ता दुखतंय तर आत्ताच घावंल न्हवं त्यात?"

आणि मी म्हटलं, "आत्ता कसं? आत्ता जेवून बसलीस तू. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं. रिपोर्ट चुकीचा येईल."

"मग कवा?"

"शनिवारी. सकाळी सातला. लॅबच्या बाईंना घरीच बोलावते. शुक्रवारी रात्री आठनंतर काही खायचं नाही, चहासुद्धा नाही."

तू कळ दाबत हसलीस. "शनवारपत्तूर ह्ये दुखणं माझी वाट बघत बसणार हाय व्हय?"

हौसा, तू सातवी शिकलेली. आणि त्या दुपारी त्या खोलीत बरोबर बोलणारी तू एकटी होतीस.

दुखणं शनिवारपर्यंत थांबलं नाही. दोन-तीन तासांत ओसरलं. संध्याकाळी तू पीठ मळायला बसलीस. शनिवारी लॅबच्या बाई आल्या, तू आठपासून उपाशी, अंघोळ करून, स्वच्छ लुगडं नेसून हात पुढं केलास. रिपोर्ट दुपारी आला. मी पेन्सिल घेऊन बसले. वरून खाली, प्रत्येक ओळीपुढं लाल खूण. एकही गोल नाही. मी तुला खाली येऊन सांगितलं, "बघ, काही नाही. सगळं ठीक आहे." डॉक्टरकडे जायचा विषय मीच संपवला. रिपोर्ट नॉर्मल असताना डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा?

तू कागद हातात घेऊन उलटासुलटा केलास. "मग दुखतंय त्ये कागदावर दुखतंय व्हय?"

महिन्यानं पुन्हा दुखलं. या वेळी रविवारी, मिसळ खाल्ल्यावर. पुन्हा मी शनिवार धरला. म्हणजे सहा दिवस. पुन्हा आठपासून उपाशी, पुन्हा लाल खुणा. मी रिपोर्ट पंच करून हिरव्या फाईलमध्ये आधीच्या रिपोर्टवर लावला आणि कडा जुळवल्या.

मेसमधली कागलची तेजू त्या दिवशी जेवत होती. डॉक्टर व्हायचंय तिला, दुसऱ्यांदा परीक्षेला बसतेय. घास तोंडात असतानाच म्हणाली, "मावशी, सोनोग्राफी करा की एकदा. पित्ताशयात खडे असले तर सोनोग्राफीतच दिसतात, आमच्या आत्त्याचं असंच होतं." तू माझ्याकडे बघितलंस. मी काय म्हणाले, ते तुला आठवतंय. मला तर शब्दन् शब्द आठवतो. मी म्हणाले, "आधी तुझा नंबर लागू दे, मग सांग आम्हाला."

पोरगी मान खाली घालून जेवू लागली. तू मात्र नंतर मला सुनावलंस, भांडी विसळता विसळता. "लेकराला असं बोलू ने अक्का. ती बी शिकतीयाच की." त्यावर आपलं भांडण झालं. मी म्हटलं, मी तीस वर्षं हे कागद बघितलेत. तू म्हणालीस, "कागुद बघिटलं, माणूस कुटं बघिटलं?" मी रागानं जिना चढले. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू वाटीत भरली वांगी पाठवलीस आणि भांडण मिटलं असं दोघी धरून चाललो. ते मिटलं नव्हतं. मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं.

त्यानंतर तीन महिन्यांनी तिसऱ्यांदा दुखलं तेव्हा तू मला सांगितलंसच नाहीस. का सांगशील? मी काय म्हणणार हे तुला पाठ झालं होतं. हे मला तेजूकडून कळलं, आणि तेही ती धावत जिना चढून आली तेव्हा. "आजी, खाली या. मावशींना हुडहुडी भरलीय. आणि त्यांचे डोळे बघा, पिवळे झालेत."

मी खाली आले. तू दोन गोधड्या घेऊन कापत होतीस. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या पाण्यासारखा. मी विचारलं, किती दिवस? तू म्हणालीस, "परवापासनं लघवी काळ्या चहावानी हुतीया. म्हटलं, शनवारी दावू."

म्हटलं, शनवारी दावू. हौसा, हे वाक्य मी तुला शिकवलं.

मिलिंदनं रिक्षा आणली. मी रिक्षात बसताना परत वर गेले आणि हिरवी फाईल घेऊन आले. तुझे दात वाजत होते, तरी तू म्हणालीस, "फायल घेतलीसा न्हवं? मग झालं." इतकी खात्री होती तुला. त्या फाईलवर नव्हती, माझ्यावर होती.

इस्पितळात गेल्या गेल्या सिस्टरनी तुझा दंड बांधला. मी सवयीनं सांगायला लागले, हिनं सकाळी अर्धी भाकरी खाल्लीय. सिस्टरनी वरसुद्धा बघितलं नाही. तीन नळ्या भरून रक्त घेतलं आणि गेल्या. तासाभरात कागद आला. मी तो बघितला. चष्मा लावायची गरज पडली नाही. एकेका आकड्यापुढं छापलेलीच खूण होती. पांढऱ्या पेशी दुप्पट, बिलिरुबिन कितीतरी पट. माझ्या पर्समध्ये लाल पेन्सिल होती, ती मी बाहेर काढली नाही.

शल्यविशारद बाई तरुण होत्या. सोनोग्राफीही लगेच झाली. पित्ताशयात बारीक खडे, आणि त्यातला एक निसटून पित्ताच्या नळीत अडकलेला. मी त्यांच्यापुढं हिरवी फाईल ठेवली. त्यांनी पानं उलटली, आणि आकड्यांआधी तारखा बघितल्या.

"आजी, हे रक्त दुखत असताना काढलं होतं का?"

मी म्हटलं, नाही, शनिवारी. उपाशीपोटी.

त्यांनी समजावून सांगितलं, मी विचारलं म्हणून. पित्ताशयात खडा नुसता बसलेला असेल, किंवा तोंडाशी येऊन परत मागे सरकत असेल, तर माणूस कळवळतो, पण रक्त स्वच्छ असू शकतं. खडा नळीत अडकला, सूज आली, जंतू वाढले किंवा स्वादुपिंड दुखावलं, की मग रक्त बोलायला लागतं. "रक्तात खडा दिसत नाही आजी. खड्यानं केलेली गडबड दिसते. ती गडबड चालू असताना रक्त घेतलं तर दिसण्याची शक्यता जास्त. आठवड्यानं घेतलं तर सगळं निवळलेलंही असतं. आणि काहीही झालं तरी, रक्त नॉर्मल म्हणजे खडा नाही, असं म्हणता येत नाही. खड्यासाठी सोनोग्राफीच."

"आणि उपाशी?"

"उपाशी सोनोग्राफीला या म्हणतो आम्ही, सवड असली तर. अशा दुखण्यात रक्ताला उपाशी कशाला? ते साखर-चरबीसाठी."

एवढं साधं होतं ते.

मी विचारलं, पहिल्याच दुपारी रक्त घेतलं असतं तर? त्यांनी खोटं बोलून माझी समजूत घातली नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. म्हणाल्या, "सांगता येत नाही. तेव्हाही नॉर्मल आलं असतं, असंही होतं." मग फाईल बंद करून म्हणाल्या, "पण तेव्हा कुठल्याही डॉक्टरनं पोटावर हात ठेवला असता, तर पुढची तपासणी झाली असती."

हे मला सुटका देतं की अडकवतं, तेच मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हापासून मी ते वाक्य उलटसुलट करतेय, तू माझा कागद करायचीस तसं.

दुर्बिणीतून नळी मोकळी केली. पण जंतू रक्तात पसरले होते. दुसऱ्या दिवशी तुला जरा हुशारी वाटली. मला जवळ बोलावलंस. त्या दिवशीचा रिपोर्ट माझ्या हातात होता. मूत्रपिंडाचे आकडे चढायला लागले होते. तू विचारलंस, "काय म्हणतोय कागुद?"

मी म्हटलं, "ठीक आहे. रेंजमध्ये आहे सगळं."

उभ्या आयुष्यात रिपोर्टबद्दल मी सांगितलेली ती पहिली खोटी गोष्ट. तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. पिवळ्या डोळ्यांत हसू आलं तुझ्या. "अक्का, तुमचं त्वांड रेंजच्या भाईर गेलंय की."

मी हसले आणि रडलेही. तेव्हा सांगायचं होतं मला. की हौसा, त्या दुपारी तू बरोबर होतीस. की मी तुला चार दिवस नाही, चार महिने थांबवलं. शब्द तोंडापर्यंत आले होते. तेवढ्यात तू म्हणालीस, "तेजूला डबा कोण देतंय? पोरगी उपाशी ऱ्हाईल," आणि मी डब्याचं बोलायला लागले. ते सोपं होतं. संध्याकाळी तुझी शुद्ध हरपली. त्यानंतर मी बोलले ते तुला ऐकू आलं का, मला माहीत नाही.

आपल्या विहारातले बौद्धाचार्य परवा म्हणाले, मनात किल्मिष ठेवू नका. मी मान डोलावली. पांढरी साडी नेसून, सरळ बसून. पण माझ्या मनात किल्मिष नाही, भीती आहे. तू गेलीस तेव्हा वाटलं, जे वाईट व्हायचं ते होऊन गेलं. आता काय राहिलं? आणि काल चार वाजता फोन वाजला, आणि कळलं की ते होऊन गेलेलं नाही. तीच बरगडी, तोच खांदा, तेच जेवल्यावर. हे घराण्यातून येतं म्हणतात. तुझ्या रक्तातून तिच्यापर्यंत आलेलं असेल, तर माझ्या हातात पुन्हा तोच कागद आलाय, सगळे आकडे जागच्या जागी. आणि तिकडे ती पोरगी माझ्या "ठीक आहे"ची वाट बघतेय, म्हणजे मग तिला पेपरला जाता येईल.

काल संध्याकाळी मी तिच्या रिपोर्टची छापील प्रत काढून आणली. का आणली, कोण जाणे. टेबलावर ठेवली आणि हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. पहिल्या ओळीपुढं खूण झालीसुद्धा! मी ती रबरानं खोडली. लाल रंग पूर्ण जात नाही, कागद खरवडला तरी.

हे लिहिता लिहिता सव्वाचार वाजले. खाली जाऊन आले. तुझं घर उघडलं, पाटांची चळत तशीच आहे. तुझ्या स्टुलावर बसले आणि तिथूनच तिला लिहिलं. एरवी मी मेसेजमध्येसुद्धा पूर्णविराम बघून टाकते. आज बघितले नाहीत.

‘प्राची, मला हा रिपोर्ट वाचता येत नाही. मला आकडे वाचता येतात, रिपोर्ट नाही. धाकट्या आजीचाही वाचता आला नव्हता, ते तुला सगळं लिहून पाठवतेय. नॉर्मल आहे की नाही हे मी सांगणार नाही. गुरुवारचं रद्द करू नकोस. पेपरचं कॉलेजला आजच कळव, डॉक्टरांची चिठ्ठी दाखव. एक सांग, रक्त काढलं तेव्हा दुखत होतं का?’

चार बत्तीसला निळ्या खुणा झाल्या. मग ‘टाइप करत आहे’ असं आलं, गेलं, पुन्हा आलं. म्हटलं, आता हसेल ही, म्हणेल, मोठ्या आजीला वाचता येत नाही?

ती हसली नाही. लिहिलं, ‘नाही गं. वेळच पाच दिवसांनंतरची मिळाली. तेव्हा एकदम बरी होते. आजी, हे महत्त्वाचं आहे का?’

‘हो. हे डॉक्टरांना सांग. रिपोर्ट दाखवायच्या आधी हे सांग.’

‘बरं. नाही करत रद्द.’ मग जरा वेळानं, ‘मला भीती वाटतेय.’

‘मलाही,’ मी लिहिलं. तिला मी असं पहिल्यांदाच लिहिलं असेल. अशा वेळी मी नेहमी काळजी करू नकोस, सगळं ठीक आहे, असंच लिहीत आले.

तिनं विचारलं, ‘सोनोग्राफीला सहा तास उपाशी यायला सांगितलंय. पण त्याआधी, आज जेवल्यावर परत दुखायला लागलं तर? उद्यापर्यंत थांबू ना?’

हौसा, मी तुझ्या स्टुलावर बसले होते. समोर तुझी परात उपडी घातलेली. मी शब्द जुळवत बसले नाही.

‘थांबायचं नाही. दुखायला लागलं की त्याच वेळी इस्पितळात जा. जेवलेली असलीस तरी जा.’